गोंदण, ‘मनंतिरुंबुदल्’ आणि तारण : चेन्नईच्या ख्रिस्ती परंपरांच्या संदर्भात

गोंदणाविषयीचा ख्रिस्ती प्रश्न वरवर पाहता केवळ आचारधर्माचा वाटतो. शरीरावर कायमची खूण टोचून घेणे उचित की अनुचित, एवढेच त्याचे स्वरूप असते तर त्याचे उत्तर एखाद्या नियमाने देता आले असते. वस्तुतः या प्रश्नाच्या मुळाशी दुसरा, अधिक गंभीर प्रश्न आहे : जी खूण पुसता येत नाही ती अंगावर वागविणारा मनुष्य खऱ्या अर्थाने नवा होऊ शकतो काय? पश्चात्ताप आणि तारण या दोन्ही संकल्पनांची कसोटी येथे लागते. या विचारासाठी चेन्नई (१९९६ पर्यंतचे मद्रास) हे नगर विशेष उपयुक्त ठरते. प्रेषित थोमाची स्मृती, तमिळ बायबलची शब्दकळा आणि अंगावर खुणा धारण करण्याच्या जुन्या देशी रीती या तिन्ही गोष्टी येथे एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत.

तमिळमध्ये गोंदण्यास ‘पच्चै कुत्तुदल्’ म्हणतात. ‘पच्चै’ म्हणजे हिरवे आणि ‘कुत्तुदल्’ म्हणजे टोचणे. मराठी खेड्यांतील वृद्ध स्त्रियांच्या हातांवरील हिरवट गोंदण ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शब्दाची अन्वर्थकता निराळी सांगावयास नको. मद्रासच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाचे १८८५ ते १९०८ या काळातील अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी के. रंगाचारी यांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या आणि १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील जातिजमातींवरील सात खंडांच्या ग्रंथात गावोगाव फिरून गोंदणाऱ्या कोरव स्त्रियांची नोंद आहे. महाराष्ट्रातील लोकसमजुतीप्रमाणे दागदागिने येथेच राहतात, मेल्यावर बरोबर येते ते गोंदण. म्हणजे गोंदण हे केवळ अलंकरण नाही, तर परलोकी ओळख पटविणारी खूण आहे. ख्रिस्ती आक्षेपाचे खरे लक्ष्य हेच आहे. ज्या क्षणी खूण स्वतःच पैलतीरास नेणारी ठरते, त्या क्षणी ती तारणाची जागा घेऊ पाहते.

गोंदणाच्या निषेधासाठी सामान्यतः लेवीय या पुस्तकातील १९:२८ या वचनाचा आधार घेतला जातो. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेणे आणि अंगावर खुणा कोरणे या दोहोंस तेथे एकत्र मनाई आहे. ‘खूण कोरणे’ या अर्थी तेथे योजलेला हिब्रू शब्दप्रयोग संपूर्ण हिब्रू बायबलमध्ये अन्यत्र आढळत नाही. त्यामुळे त्याची नेमकी व्याप्ती ठरविणे कठीण जाते. त्याच अध्यायात दाढीची कड छाटू नये आणि दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र वापरू नये, अशाही आज्ञा आहेत. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञाही तेथेच आहे. यांपैकी कोणत्या आज्ञा ख्रिस्ती मनुष्यावर बंधनकारक आहेत हा प्रश्न यामुळे उपस्थित होतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने नियमशास्त्राची नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक अशी विभागणी केली. गोंदणबंदी विधिविषयक मानल्यास ती ख्रिस्तानंतर बंधनकारक उरत नाही; नैतिक मानल्यास उरते. शिवाय बायबलमध्ये दुसरा सूरही आहे. यशया या ग्रंथात आपण परमेश्वराचे आहोत असे हातावर लिहिणाऱ्याचा उल्लेख येतो (४४:५), आणि पुढे देवच सीयोनेला आपल्या तळहातांवर कोरून ठेवतो (४९:१६). पौलही आपल्या देहावरील व्रणांना येशूच्या खुणा म्हणतो (गलतीकरांस ६:१७).

या संदर्भात ऑगस्टीनने (३५४–४३०) योजलेला दृष्टान्त मूलगामी आहे. रोमन सैनिकाच्या अंगावर सैन्याची खूण असे. सैन्य सोडून पळालेला सैनिक पकडला गेला तर तीच खूण त्याचा अपराध उघड करी. पण तो क्षमा मिळवून परतला तर त्याच्यावर नवी खूण करावी लागत नसे. डोनाटसपंथीयांशी झालेल्या वादात ऑगस्टीनने बाप्तिस्मा असाच मानला. मनुष्य भरकटला तरी बाप्तिस्म्याची मुद्रा नष्ट होत नाही, म्हणून परतणाऱ्याला तो पुन्हा देऊ नये. आत्म्यावरील या अक्षय मुद्रेचा सिद्धान्त ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली अधिकृतपणे मांडला. अर्थात कॅथलिक तत्त्वचिंतनाने गोंदणाची प्रतिमा त्वचेवरून उचलून आत्म्यावर नेली. तरीही ही मुद्रा म्हणजे तारणाची हमी नव्हे. ती नात्याची खूण आहे, आणि ते नाते निभावण्यासाठी पश्चात्तापाची आवश्यकता राहतेच.

चेन्नईतच याला एक समांतर उदाहरण आढळते. तिरुवल्लिक्केणीच्या पार्थसारथी मंदिराभोवती नांदणाऱ्या श्रीवैष्णव परंपरेत पंचसंस्कारांपैकी पहिला संस्कार ‘ताप’ हा होय. त्यात तापविलेल्या शंखचक्रांच्या मुद्रा शिष्याच्या दंडांवर उमटविल्या जातात. येथेही खूण स्वामित्वाची आहे आणि ती शरणागतीशी जोडलेली आहे. फरक असा की श्रीवैष्णव संस्कारात मुद्रा प्रत्यक्ष देहावर उमटते, तर बाप्तिस्म्यात पाण्याचा दृश्य डाग उरत नाही. दृश्य खुणेविषयी ख्रिस्ती मन साशंक राहिले त्याचे एक कारण या फरकात शोधता येईल.

हा फरक भाषेतही उतरला आहे. ग्रीक ‘मेटानोया’साठी मराठी बायबलने ‘पश्चात्ताप’ हा शब्द स्वीकारला. त्यात ‘ताप’ आहे, म्हणजे मागाहून होणारा दाह. मराठी वाचकाला त्यात संतवाङ्मयातील ‘अनुताप’ही ऐकू येतो. प्रचलित प्रॉटेस्टंट तमिळ बायबलमधील शब्द ‘मनंतिरुंबुदल्’, म्हणजे मनाचे वळणे, असा आहे. परतणे या अर्थाच्या ‘शूव’ या हिब्रू धातूशी तो अधिक जवळचा आहे. मराठी शब्द वेदना सांगतो, तमिळ शब्द दिशा सांगतो. दाह झाला म्हणजे डाग राहिला, अशी शंका मराठी शब्दाच्या संगतीने येऊ शकते. वळलेल्या मनापुढे मात्र जुन्या डागाचा प्रश्न गौण होतो. तारणाच्या शब्दांतही असाच उद्बोधक संबंध आहे. मराठीत ‘तारण’ म्हणजे उद्धार, तसेच कर्जापोटी ठेवलेली वस्तू. तमिळ ख्रिस्ती परिभाषेतील ‘मीट्पु’ म्हणजे मुक्ती, आणि गहाण दागिना सोडवून आणण्यासही हाच शब्द चालतो. सोडवून आणलेल्या दागिन्यावर जुने ओरखडे असतात. त्यामुळे तो परका ठरत नाही.

व्यवहारात मात्र मतभेद उरतात. कॅथलिक चर्चची गोंदणावर सार्वत्रिक बंदी नाही. कॉप्टिक ख्रिस्ती तर मनगटावर क्रूस गोंदवून घेतात. चेन्नईतील कडक शिस्तीच्या पेन्तेकोस्त मंडळ्यांत दागिने त्यागण्याची रीत आहे आणि अशा वातावरणात हौसेने करवून घेतलेले नवे गोंदण देहरूपी मंदिराचा अवमान समजले जाणे स्वाभाविक आहे. परंतु नवे गोंदण करवून घेणे आणि जुने गोंदण घेऊन येणे हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बाप्तिस्म्यास उभ्या राहणाऱ्या एखाद्या वृद्धेच्या हातावर तिच्या जुन्या देवतेचे चिन्ह असेल, तर तिला काय सांगावयाचे? धर्मांतराने नाव बदलता येते, वेष बदलता येतो. बालपणी आईने धरून टोचवून घेतलेली खूण बदलता येत नाही. ती पुसल्यावाचून प्रवेश नाही असे म्हणणे म्हणजे त्वचेला मनाहून अधिक सामर्थ्य देणे होय. ज्या चुकीसाठी गोंदणाचा निषेध केला जातो, तीच चूक यात उलट बाजूने घडते.

या प्रश्नाचे सर्वांत समर्पक उत्तर नगराच्या आपल्या आख्यानात आहे. परंपरेनुसार थोमाला इ.स. ७२ मध्ये येथे हौतात्म्य आले. मैलापूरच्या किनाऱ्यावरील साँ थोम बॅसिलिका त्याच्या समाधीवर उभी असल्याचे मानतात, आणि परंगिमलै या टेकडीवर १५४७ च्या सुमारास पोर्तुगिजांना सापडलेला पहलवी लेखाचा दगडी क्रूस आजही पाहावयास मिळतो. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय २०) हाच थोमा पुनरुत्थित ख्रिस्ताच्या जखमा पाहिल्यावाचून विश्वास ठेवण्यास नकार देतो. त्याने त्यांना स्पर्श केला असे योहान स्पष्टपणे सांगत नाही. जखमा दिसतात आणि त्याचे मन वळते. मृत्यूवर विजय मिळविलेल्या देहावरही व्रण शिल्लक आहेत, आणि त्या व्रणांवरूनच थोमाला ओळख पटते. तारण झालेला देह निष्कलंक त्वचेचा असलाच पाहिजे ही कल्पना या आख्यानासमोर टिकत नाही. गोंदण तारत नाही आणि तारणाच्या आडही येत नाही. ख्रिस्ती विचारात पश्चात्तापाची जागा वळलेल्या मनात आहे, आणि तमिळ भाषेने ती नेमकी दाखविली आहे.