आर्ची चहा टाकते तेव्हा

‘झिंगाट’ सुरू होतं आणि पुढच्या तीन रांगा रिकाम्या होतात. पोरं पडद्याखालच्या मोकळ्या जागेत उतरली आहेत. एकानं शर्ट काढून गरगर फिरवायला घेतलाय, दुसरा मित्राच्या खांद्यावर चढलाय आणि त्याच्या हाताची सावली थेट पडद्यावर, आर्चीच्या गालाजवळ नाचतेय. डोअरकीपर दारातूनच हसतोय.

मार्च २०२५. नऊ वर्षांनी ‘सैराट’ पुन्हा लागलाय आणि मी सोलापुरात, मधल्या रांगेत बसलो आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, आर्ची झालेली नायिका अकलूजची, ती पायऱ्यांची विहीर करमाळ्याची. सगळं आपल्याच जिल्ह्यातलं. म्हणून की काय, थिएटरात लग्नघराची मोकळीक आहे.

सिनेमाचा प्रकार म्हणजे काय, हे मला अशा वेळी पुस्तकापेक्षा नीट कळतं. प्रत्येक प्रकार प्रेक्षकाच्या अंगाला काहीतरी करायला सांगतो. ‘सांगत्ये ऐका’सारख्या तमाशापटात लावणी रंगात आली की कॅमेरा फेटेवाल्यांच्या रांगेकडे वळायचा, पडद्यावरची शिट्टी खालच्या शिट्टीला परवानगी द्यायची. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ला बायका चपला बाहेर काढून थिएटरात शिरायच्या. भयपट आधी दार करकरवतो, मग भूत दाखवतो. हात आपोआप डोळ्यांवर जातो. आणि प्रेमपट? तो नाचवतो, हुरहूर लावतो. नागराज मंजुळे पूर्वार्धात प्रेमपटाचं सगळं देणं चुकतं करतात. मंदगतीतली धाव, वाऱ्यावरचे केस, विहिरीतली उडी, आणि बैलगाडीच्या वाटेवर संगीतकार अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन ध्वनिमुद्रित केलेला भलामोठा वाद्यवृंद. उसाच्या फडावर व्हायोलिनांचा तो ताफा वाजतो तेव्हा आजही माझ्या घशात काहीतरी दाटतं. आमच्या रानालाही असं संगीत मिळू शकतं, हे २०१६ पर्यंत मला सुचलंच नव्हतं.

मध्यंतर होतं. शेंगा, वडापाव, पुन्हा अंधार.

आता हैदराबाद. आर्ची प्रियकराबरोबर घरातून पळून इथं आली आहे. व्हायोलिनं कुठं गेली कुणास ठाऊक. नाल्याकाठची वस्ती, पत्र्याची खोली, डोशाची गाडी, रहदारीचा कलकलाट. चारही गाणी मागं राहिली. उत्तरार्धात एकही नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मागून कुणीतरी वैतागून विचारलं होतं, “आता गाणं नाही का?” वास्तववादी सिनेमाची रीतच ही. तो मिठीपेक्षा भांड्यांवर, भाड्यावर, नवऱ्याच्या संशयावर जास्त वेळ थांबतो.

माझ्या पुढच्या रांगेत शहराच्या पूर्व भागातून आलेली एक म्हातारी आहे, शेजारी सून. पडद्यावर कुणी तेलुगूत बोललं की आधी ती हसते, मग तिच्याकडे बघून आम्ही हसतो. आर्ची जिथं मुकी होते, तिथं या बाईचं घर सुरू होतं. तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्या माणसांनी हे शहर विणलं. त्यांच्यातल्या एकीच्या मागे बसून हा भाग बघणं वेगळंच आहे.

आणि मग दारात माहेरची माणसं येतात. भाऊ. आईनं पाठवलेल्या वस्तू. आर्चीच्या चेहऱ्यावर उजेड पडतो, ती चहा टाकते.

थिएटर गोठलं आहे. नाचलेली पोरं खुर्चीच्या कडेवर आली आहेत. हिचकॉक सांगत असे की टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर क्षणाचा धक्का. तो तिथं आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पासुद्धा जीव घेतात. २०१६ मध्ये हा प्रसंग धक्का होता. आज इथल्या प्रत्येकाला शेवट माहीत आहे, आणि एकही फ्रेम न बदलता प्रेमकथेचा रहस्यपट झाला आहे. आर्ची कप भरते आहे.

“वद्दम्मा,” पुढून आवाज येतो. नको गं. म्हातारी पडद्याला सांगते आहे. “वद्दु.” सून तिचा हात धरते.

आपल्या प्रेमपटांत मरणही देखणं असतं. ‘कयामत से कयामत तक’मध्ये दोघं शेजारी-शेजारी पडतात, सूर्य मावळतो, संगीत आपल्या वतीनं रडतं. इथं माहेरची माणसं आर्चीला आणि तिच्या नवऱ्याला मारताना दाखवलेलीच नाहीत. शेजारीण त्यांच्या बाळाला दारात सोडून जाते. ते आत येतं, बघतं, तोंड उघडून रडतं, आणि रडण्याचा आवाज नाही. संगीत नाही, रहदारी नाही, काहीच नाही. नुसती पावलं, रक्तात भिजलेली, बाहेर जाणारी.

या शांततेत काय करायचं, हे कुठल्याच प्रकारानं आम्हाला शिकवलेलं नाही. वरच्या पंख्याचा खडखडाट ऐकू येतो. खुर्चीची स्प्रिंग. कुणाचं तरी नाक ओढणं. मगाशी शर्ट फिरवणारा पोरगा तो अंगात घालू लागला आहे, काजं-गुंड्या चुकताहेत.

दिवे लागतात तरी कुणी उठत नाही. मग तो पोरगा उठतो, पडद्याखाली जातो आणि वाकून, खुर्च्यांच्या पायांमधून, नाचताना निसटलेली एक चप्पल शोधू लागतो.