पीसीओडी, गोळी आणि गुठळी

१९३५ साली शिकागोच्या स्टीन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांच्या केसेस छापल्या. पाळी बंद किंवा लांबलेली, अंडाशय मोठे झालेले, त्यांत बारीक बारीक गाठी. आपण ज्याला पीसीओडी म्हणतो, त्याची ही पहिली ठळक नोंद. चिंता होती ती पाळीची आणि मूल होण्याची. रक्ताच्या गुठळीकडे लक्ष जायला पुष्कळ वर्षं लागली.

ते वेधलं गर्भनिरोधक गोळीने. १९५७ मध्ये अमेरिकेत एनोव्हिड पाळीच्या तक्रारींवर मंजूर झाली. चारच वर्षांनी इंग्लंडमधल्या डॉ. जॉर्डन यांनी ‘लॅन्सेट’ला कळवलं, की ही गोळी घेणाऱ्या एका नर्सच्या फुप्फुसात गुठळी अडकली. १९६९ मध्ये ब्रिटनने ५० मायक्रोग्रॅमहून जास्त इस्ट्रोजेन टाळायला सांगितलं.

मग त्याच गोळ्या पीसीओडीवरचं नेहमीचं औषध झाल्या. मुरुमं आणि चेहऱ्यावरच्या केसांसाठी डायान-३५ ही गोळी सर्रास दिली जाऊ लागली. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सने ती थांबवण्याचं जाहीर केलं. वर्षभराने, जपून वापरण्याच्या अटीवर ती परतली. २०१३ मध्येच कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये पीसीओडीवाल्यांना गुठळीचा धोका इतरांच्या दुप्पट. गोळी न घेणाऱ्यांमध्येही दीडपट! म्हणजे दोष एकट्या गोळीचा नव्हता. वाढलेलं वजन, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, गुठळी विरघळण्याची मंदावलेली क्रिया, हे सगळं आधीपासून होतंच.

घाबरून गोळी बंद करावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. सर्वसाधारणपणे गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला दोघींना गुठळी होते. घेणाऱ्यांत पाच ते बाराजणींना. बाळंतपणात धोका याहून जास्त असतो.

गोळी घेण्याचं आणखी एक निमित्त असतं. अमळनेरला वैशाखात बोरी नदीकाठी सखाराम महाराजांची यात्रा भरते. यात्रा, लग्न, पूजा आली की पाळी पुढे ढकलण्याची गोळी मेडिकलमधून आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या गोळीतल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो, हे काउंटरवर कोण सांगतं? पीसीओडीची गोळी आधीच चालू असलेल्या मुलीने तरी ती परस्पर घेऊ नये.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत डायान-३५ सारख्या गोळ्या दुसऱ्या पसंतीला आहेत. आई-मावशीला कधी गुठळी झाली होती का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मुलीने सांगावं. आणि एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉपलर तपासणी करून घ्यावी. एकाएकी धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर १०८ ला फोन करावा.