नकाशाच्या कोपऱ्यातले नाव

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने रचली, त्याच्या काळी गवंडी आणि सुतार एवढीच माणसे बहुधा घर बांधत असावीत. आज नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावी चार खोल्या काढायच्या म्हटल्या, तरी आर्किटेक्ट लागतो, आर.सी.सी.चे डिझाइन करणारा इंजिनिअर लागतो, बोअरची जागा दाखवायला तळहातावर नारळ घेऊन पाणाड्या येतो आणि स्वयंपाकघर आग्नेयेला सरकवायला वास्तुवाले येतात. चौघांनाही पैसे मोजायचे असतात. गंमत अशी, की शेवटच्या दोघांना आपण पन्नास प्रश्न विचारतो. आणि ज्याच्या आकड्यांवर छप्पर उभे राहायचे, त्या इंजिनिअरपुढे मात्र मुकाट मान डोलावतो. "त्यांना कळतं, आपल्याला काय कळतंय?"

प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीतले जवळजवळ सगळे घालून, वर थोडे कर्ज काढून, मी राहुरी तालुक्यात घर बांधायला घेतले. मुळा-प्रवरेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन उसाला मानवते, घराला नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतच टेकवला, तर तो दरवर्षी तिच्याबरोबर वरखाली होतो आणि भिंतींना तिरक्या चिरा जातात. म्हणूनच जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत खणत. (हे सांगण्याची ते वेगळी फी घेत नसत.)

आमच्या इंजिनिअरांचा नकाशा आला. पाया पाच फूट. सळयांचे ते जाळे मला कळले असे मी म्हणणार नाही. पण आयुष्य बँकेत गेलेले. कागद हातात आला की नजर आधी कोपऱ्याकडे जाते. सही, तारीख, नाव. उजव्या कोपऱ्यात माझे नाव होते. त्याच्याच वर बारीक अक्षरात जमिनीची भारक्षमता दिली होती, आणि त्या टिपेत पारनेर तालुक्यातल्या एका गावाचे नाव तसेच राहून गेले होते! पारनेरच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी दोन हात खणले की मुरूम लागतो. माझ्या प्लॉटवर काय लागते, हे कोणी पाहिलेच नव्हते.

शेतीकर्जाच्या टेबलावर असताना उपसा सिंचनाचे गणित मला कधीच आले नाही. तरी प्रस्ताव माझ्याच सहीने जात. 'विहिरीला भरपूर पाणी' असा अहवाल आला की मी महिना बघत असे. सप्टेंबर असला तर एप्रिलमध्ये स्वतः जाऊन विहिरीत डोकावत असे. आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात त्या दोन महिन्यांत फार अंतर असते. तज्ज्ञाचे गणित तपासायला दुसरा तज्ज्ञ लागतो. तो जागेवर गेला होता की नाही, हे तपासायला पायात चपला घालाव्या लागतात, एवढेच.

अडचण विचारण्याची होती. इंजिनिअर आमच्या भाच्याचे वर्गमित्र. "त्यांना काय वाटेल?" असे आमच्या सौ. म्हणाल्या, आणि ही भीड काही खोटी नव्हे. गावात उद्या तोंड दाखवायचे असते. मी काही बोललो नाही. दोन मजूर लावून प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. पाच फुटांवर काळी माती. सातवर काळी माती. साडेआठ फुटांवर मुरूम लागला. मग फोन केला.

ते आले, खड्ड्यात उतरले, ढेकूळ हातात घेऊन चुरले. "काका, सॉइल टेस्टिंग करून घ्यायला हवं होतं," म्हणाले. कोणी करून घ्यायला हवे होते, हे त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. आठ दिवसांनी नवा नकाशा आला. पायाचा खर्च दीडपटीच्या आसपास गेला. नगरच्या फराहबागेचा महाल एकदा बांधलेला पाडून पुन्हा बांधला आणि 1583 मध्ये पुरा झाला, असे सांगतात. निजामशहाला ते परवडले. पेन्शनरला खड्डा परवडतो.

सळयांचे सोपे असते. व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून 162 ने भागला की मीटरचे वजन किलोत येते. 16 मिलिमीटरची बारा मीटर सळई एकोणीस किलोच्या जवळपास भरली पाहिजे. ती भरली.

काँक्रीटने मात्र झोप उडवली. निम्मा पाया भरल्यावर ठोकळ्यांचा सात दिवसांचा अहवाल आला: 14.2, 14.2, 14.2. आकडा चांगला होता, पण तीन काउंटरांची शिल्लक पैशापर्यंत सारखी निघाली तर शाखाधिकारी खूश होत नाही, खुर्ची सोडून उठतो. एकाच घाण्यातले ठोकळेही थोडे कमीजास्त फुटतात. भारतीय मानकाने सरासरीच्या पंधरा टक्क्यांपर्यंत फरक गृहीतच धरला आहे. प्रयोगशाळेत ठोकळे पोचल्याची पावती मी ठेकेदाराकडे मागितली. ती आजतागायत आलेली नाही. उरलेल्या पायाचे ठोकळे मी स्वतः जीपमध्ये घालून नेले: 13.6, 15.1, 14.3. आधीच्या भागाचे खड्डे बुजवणे थांबवून इंजिनिअरांनी तिथे रिबाउंड हॅमरची चाचणी समोर उभे राहून करून घेतली. सिमेंटात खोट नव्हती, कागदात होती. आणि हे सांगितलेच पाहिजे, की त्या दिवशी इंजिनिअर माझ्याआधी साइटवर हजर होते.

कायदा आपल्या बाजूने आहे. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवा ठरवली; 2019 च्या नव्या कायद्यातही ती आहे. पण ग्राहक आयोगाची तारीख लागेपर्यंत भिंतीची चीर थांबत नसते.

गेल्या आठवड्यात जोते पुरे झाले. कर्जाचा दुसरा हप्ता सोडण्यापूर्वी पाहणीसाठी बँकेचा तरुण अधिकारी आला. फाटकातूनच मोबाइलवर दोन फोटो काढले आणि मोटारसायकलला किक मारू लागला. मी त्याला आत बोलावले, चहा दिला, टेपचे एक टोक त्याच्या हातात ठेवले आणि दुसरे धरून मी पलीकडच्या कोपऱ्याकडे चालू लागलो.