एकास सत्तर

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत रुबिकॉन ट्रेल नावाची सुमारे 35 किलोमीटरची वाट आहे. वाट म्हणायची, पण तिचा बराचसा भाग म्हणजे ग्रॅनाइटचे धोंडे आणि उभे कातळ. इथे जीप माणसाच्या चालीने, कित्येकदा त्याहूनही सावकाश पुढे सरकते. एक चाक धोंड्यावर चढतं, गाडी कलते, मग दुसरं चाक अलगद खाली टेकतं. अशा जागी इंजिन शंभर अश्वशक्तीचं आहे की दोनशेचं, याने फारसं अडत नाही. चाकाचा एक फेरा होईस्तोवर इंजिनाचे किती फेरे होतात, यावर सगळं ठरतं.

जुन्या जीपमध्ये मोठं इंजिन बसवायचं म्हटलं की चर्चा इंजिनाचीच होते आणि गिअरबॉक्स हाताला लागेल तो जोडला जातो. माझ्या मते मोजणी उलट्या दिशेने, चाकापासून सुरू करून इंजिनाकडे यायला हवी. तशी ती केली की दातेरी चाकांच्या या लोखंडी पेटीत केवढी करामत आहे, ते उमगतं.

हिशेब गुणाकाराचा आहे. गिअरबॉक्सचा पहिला गिअर, त्यामागून पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसचा लो गिअर आणि डिफरन्शियल यांची गुणोत्तरं एकमेकांनी गुणायची. 1941 च्या विलिज एमबी जीपमध्ये ती अनुक्रमे 2.66, 1.97 आणि 4.88 होती, गुणाकार आला 25.6. साठ अश्वशक्तीच्या इंजिनावर ही जीप महायुद्धातला चिखल आणि वाळू तुडवत गेली. विलिज जीपची जुळणी 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत सुरू केली आणि ‘जीप’ हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रुळला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, म्हणून पुढचं उदाहरण अमेरिकेतलंच घेतो.

1980 च्या दशकातली सीजे-7 जीप. तिची डाना 300 ट्रान्स्फर केस लोमध्ये 2.62 ची. ॲक्सल 4.10 चे, टायर 33 इंची आणि इंजिन शेव्हरोलेचं 350, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8. टर्बो 350 हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावला, तर त्याचा पहिला गिअर 2.52 चा असल्याने गुणाकार 27 भरतो. विलिजच्या जेमतेम पुढे. ऐसिन कंपनीचा एएक्स-15 लावला तर 41, एनव्ही4500 लावला तर 60 आणि जुना एसएम465 लावला तर 70. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर गुरगुरत असताना पहिली गाडी ताशी साधारण 4.7 किलोमीटर वेगाने जाईल, शेवटची 1.8 ने.

आता खरी नवलाची गोष्ट. जीपचं वजन 1,700 किलो धरू आणि कोरड्या खडकावर टायरची पकड वजनाच्या 80 टक्के. चारही चाकं मिळून साधारण 5,600 न्यूटन-मीटर टॉर्क पेलतील. त्यापुढे ती जागच्या जागी घसरतील. हा टॉर्क एकास सत्तरच्या गिअरमधून मिळवायला इंजिनाने फक्त 80 न्यूटन-मीटर द्यायचे आहेत. एकास सत्तावीसमध्ये तेच काम 207 मागतं. म्हणजे 400 न्यूटन-मीटरचं व्ही-8 आणूनही, गिअर खोल असेल तर खडकावर त्याचा पाचवा हिस्साच कामी येतो. खोल गिअर ताकद देतो हे खरं, पण त्याहून मोलाचा असतो तो ताबा. चाकाला पायरी अडली की तिचा अडसर इंजिनापर्यंत सत्तराव्या हिश्श्याने पोचतो, त्यामुळे इंजिन बंद पडत नाही. हाफ क्लचवर गाडी खेळवावी लागत नाही आणि क्लच प्लेट जळत नाही. उतारावर तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

एसएम465 हा जनरल मोटर्सच्या ट्रकांचा चार गिअरांचा गिअरबॉक्स, 1968 ते 1991 या काळातला. बिडाचं कवच, वजन 80 किलोच्या आसपास, पहिला गिअर 6.55 चा. त्या पहिल्याला दात्यांचे वेग जुळवून देणारा सिंक्रोनायझर नाही, म्हणून तो गाडी थांबवूनच टाकायचा. एरवी रस्त्यावर दुसऱ्यावरच निघायचं. दुसरा 3.58 आणि तिसरा 1.70, त्यामुळे मध्ये मोठी दरी. बदलताना घाई चालत नाही. तरी हा गिअरबॉक्स मला फार आवडतो, कारण एवढ्या आखूड लांबीत एवढा खोल गिअर क्वचितच सापडतो.

त्याची उणीव हमरस्त्यावर कळते. चौथा गिअर थेट एकास एक, ओव्हरड्राइव्ह नाही. याच जीपमध्ये ताशी 100 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 2,600 फेरे घेईल. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्या संयुक्त कंपनीच्या एनव्ही4500 मध्ये पाचवा गिअर 0.73 चा आहे. तिथे फेरे 1,900 वर येतात. गाडी स्वतः चालवत डोंगरापर्यंत न्यायची असेल तर दिवसभराच्या प्रवासात हा फरक कान आणि पेट्रोल दोन्ही वाचवतो.

ऑटोमॅटिकला 27 च्या आकड्यावरून निकालात काढणं मात्र चूक ठरेल. त्यातला टॉर्क कन्व्हर्टर गाडी अडलेली असताना इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट करतो, क्लचचं पेडल नसल्याने डावा पाय मोकळा राहतो आणि इंजिन बंद पडण्याची धास्ती नसते. पण ही दुप्पट तेलाच्या घसरणीतून येते आणि घसरणीची उष्णता होते. म्हणून वेगळा, मोठा ऑइल कूलर हवाच. उतारावर ही दुप्पट मुळीच मिळत नाही. 1982 साली आलेल्या 700आर4 मध्ये पहिला गिअर 3.06 आणि चौथा 0.70, म्हणजे दोन्ही टोकं बरी साधतात. मात्र त्याची थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल कार्ब्युरेटरशी काटेकोर जुळवावी लागते. ती ढिली राहिली तर आतला तेलाचा दाब कमी पडतो, क्लचपट्ट्या घसरतात आणि चांगला गिअरबॉक्स थोडक्या प्रवासात जळून जातो.

याहून मोठी अडचण लांबीची. सीजे-7 चा व्हीलबेस 93.4 इंच, तर 1972 नंतरच्या सीजे-5 चा 84 इंचांच्या आसपास. एसएम465 चं कवच सुमारे 12 इंचांचं, 700आर4 चं 23 हून अधिक. गिअरबॉक्स जितका लांब, तितकी ट्रान्स्फर केस मागे सरकते आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड व उभट होतो. तिरक्या कोनात फिरणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटमुळे त्यापलीकडच्या शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर हे चढउतार एकमेकांना खोडतात. कोन फार वाढला की गाडी थरथरते आणि जॉइंटचे क्रॉस लवकर झिजतात. त्यात स्प्रिंगा उंचावल्या असतील तर बघायलाच नको. सीजे-5 साठी म्हणूनच लांब ऑटोमॅटिक मी सुचवणार नाही.

गिअरबॉक्सचा पहिला गिअर उथळ असेल तर कसर ट्रान्स्फर केसमध्येही भरून काढता येते. 2003 च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये जीप कंपनीने कारखान्यातूनच चारास एकची ट्रान्स्फर केस दिली, ती याच विचाराने. फक्त दुसऱ्या जीपची केस बसवताना पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची बाजू तपासायला हवी: सीजे जीपांचं पुढचं डिफरन्शियल उजवीकडे, 1987 च्या वायजे रँग्लरपासून डावीकडे.

शेवटी जोडणी. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे बोल्ट बसले म्हणजे काम झालं, असं होत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज लावतात, त्याचा काटा बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवतात आणि क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवतात. क्रँकचा आणि त्या भोकाचा मध्य एकमेकांपासून 0.005 इंचाहून, म्हणजे 0.127 मिलिमीटरहून अधिक सरकलेला चालत नाही. गेजवर हे अंतर दुप्पट दिसतं, म्हणून वाचन निम्मं करायचं. फरक जास्त निघाला तर मध्य सरकवणाऱ्या खास डॉवेल पिना मिळतात. त्या बसवून पुन्हा मोजायचं. हे टाळलं तर इनपुट शाफ्ट दर फेऱ्याला वाकडा ओढला जातो, पायलट बुश झिजतो, क्लच नीट सुटत नाही आणि दोष मात्र बिचाऱ्या गिअरबॉक्सच्या माथी येतो.