पौर्णिमेची गर्दी आणि बारमाही रहिवासी

ज्या गावाला परगावचे लोक सतत येत असतात, त्या गावाचे वर्णन बहुधा येणाऱ्याच्या नजरेनेच केले जाते. देऊळ कसे आहे, दर्शनाला किती वेळ लागतो आणि मुक्कामाची सोय कोठे होते, एवढे सांगितले की ते वर्णन पुरे झाले असे मानण्यात येते, आणि त्याच गावात जन्मून, संसार करून म्हातारे होणाऱ्या माणसांचे जगणे त्यातून निसटते. मराठवाड्यात पर्यटन म्हणजे प्रामुख्याने यात्रा. त्यामुळे पर्यटननगरीत राहणे म्हणजे नेमके काय, हे धाराशिव जिल्ह्यात पाहायचे झाल्यास तुळजापूरकडे आणि कळंब तालुक्यातील येरमाळ्याकडे पाहावे लागते.

तुळजापूरची तुळजाभवानी (तुकाई) व येरमाळ्याची येडेश्वरी (येडाई) यांना भाविक बहिणी मानतात. सीतेच्या शोधात रानोमाळ फिरणाऱ्या रामाची परीक्षा पाहण्यासाठी पार्वतीने सीतेचे रूप घेतले, तेव्हा रामाने तिला ओळखून ‘तू का आई’ असे म्हटले म्हणून ती तुकाई आणि ‘वेडी आहेस’ असे म्हटले म्हणून ती येडाई झाली, अशी लोककथा या भागात सांगितली जाते. या नात्यामुळे दोन्ही ठिकाणी जाणारा भाविकही बराचसा एकच असतो, आणि चैत्री पौर्णिमेला तो फार मोठ्या संख्येने येरमाळ्यास येतो. पौर्णिमेनंतर देवीची पालखी डोंगरावरील मंदिरातून आमराईकडे निघते, तेव्हा भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात. या विधीला ‘चुना वेचणे’ असे म्हणतात. विधी साधा आहे, परंतु तो ज्या रानात होतो तेथे लाखोंची पावले उमटतात, आणि ते रान ज्या गावाचे आहे त्याचा कारभार एक ग्रामपंचायत पाहते.

तुळजापुरात देवीचा दिनक्रम हाच गावाचा दिनक्रम असतो. येथील मूर्ती ‘चल’ आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते, आणि त्यामुळे वर्षातून तीन वेळा तिला पलंगावर निद्रा दिली जाते: शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. दसऱ्याची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि पलंग घोडेगावहून येतो, म्हणजे उत्सवाच्या सामग्रीचे मानसुद्धा दूरच्या गावांकडे परंपरेने वाटून दिलेले आहेत. देवी श्रमनिद्रेत असते त्या दिवसांत गाव मात्र झोपत नाही, कारण आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून भाविक रात्रभर पायी चालत येतात आणि त्यांच्यासाठी रस्त्यावरील वाहतूक अन्य मार्गांनी वळवावी लागते. त्या दिवसांत गावातल्या माणसाला आजाऱ्याला दवाखान्यात नेणे किंवा लेकीला सासरी पोहोचवणे या गोष्टीही गर्दीचा अंदाज घेऊनच ठरवाव्या लागतात.

या गर्दीवर गावाचे पोट चालते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कुंकू, बांगड्या, कवड्यांची माळ, परडी (देवीच्या नावाने जोगवा मागण्याची वेताची टोपली) यांची दुकाने, खानावळी, वाहने आणि यजमानांचे कुलाचार पिढ्यान्‌पिढ्या करणारी पुजारी घराणी हे सारे यात्रेवर अवलंबून आहे. पूर्वी तर पुजाऱ्याचे घर हीच यात्रेकरूची उतरण्याची जागा असे. परंतु या मिळकतीची वाटणी सारखी नाही. ज्याचे घर किंवा दुकान देवळाच्या वाटेवर आहे त्याला ती मिळते, तर वाटेपासून दूर राहणाऱ्या मजुराच्या किंवा शिक्षकाच्या वाट्याला कचरा, कोंडी आणि पाण्याची ओढाताण तेवढी येते.

पाण्याचा प्रश्न कळंब तालुक्यात सर्वांत कठोर रूप घेतो, कारण चैत्राची यात्रा ऐन उन्हाळ्यात भरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात चैत्री पौर्णिमाही होती. दुष्काळात देवीची तिथी पुढे ढकलता येत नाही, आणि दारी आलेल्याला पाणी नाकारणे हे या मातीच्या रीतीत बसत नाही.

अडचणीचे मूळ मात्र भाविकांच्या संख्येपेक्षा गाव मोजण्याच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्रात नगरपरिषदांचे वर्ग लोकसंख्येवरून ठरतात, आणि ही लोकसंख्या जनगणनेतली, म्हणजे तेथे राहणाऱ्यांची असते. २०११ च्या जनगणनेत तुळजापूरची लोकसंख्या सुमारे ३४ हजार होती. त्या गणनेचा संदर्भक्षण १ मार्चच्या मध्यरात्रीचा होता, जेव्हा ना शारदीय नवरात्र असते ना चैत्री पौर्णिमा. काही काळ येऊन परत जाणाऱ्या लोकांना नियोजनाच्या भाषेत ‘तरंगती लोकसंख्या’ म्हणतात, आणि यात्रेच्या गावात शौचालये, सफाई कामगार व पाणीपुरवठा यांचा हिशेब तिच्यावरूनच व्हायला हवा. इटलीतील व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसापुरते येणाऱ्या प्रवाशांवर प्रवेशशुल्क लावले. देवीच्या दारी प्रवेशशुल्क लावणे मराठी मनाला रुचणार नाही आणि ते लावूही नये, कारण येथे येणाऱ्यांत हातावर पोट असलेली माणसे पुष्कळ असतात. पण म्हणूनच हा भार गावावर न टाकता राज्याने उचलला पाहिजे.

येरमाळ्याला आणि तुळजापूरला जाणाऱ्या प्रत्येक भाविकाला एवढे मात्र आजच करता येईल: पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, आपला कचरा बरोबर परत आणावा आणि ज्याच्या दारापुढे गाडी उभी करायची त्या घरच्या माणसाला आधी विचारावे.