पडदा काळा पडला म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेले असे नव्हे

घरातल्या डेस्कटॉप कॉम्प्युटरचा पडदा अचानक काळा पडला किंवा त्यावर रेघा दिसू लागल्या की घरातली मंडळी घाबरतात. 'ग्राफिक्स कार्ड गेले' असे मेकॅनिक सांगतो आणि नव्या कार्डासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. वास्तविक पुष्कळदा दोष सैल केबलचा, धुळीचा किंवा ड्रायव्हरचा असतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

आधी केबल पाहा

कॅबिनेटच्या मागे मॉनिटरची केबल लावायला दोन जागा असू शकतात, एक मदरबोर्डची व दुसरी कार्डाची. केबल कार्डालाच जोडलेली असावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असते, त्यात ग्राफिक्सची सोय नसते. तिथे केबल मदरबोर्डला लावली, तर पडदा काळाच राहतो.

कार्ड नीट बसले आहे का?

कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. मग स्क्रू काढून व स्लॉटचा खटका दाबून कार्ड बाहेर काढावे. मऊ ब्रशने धूळ झटकावी. मात्र सोनेरी पट्ट्यांना बोटे लावू नयेत. परत बसवताना खटका लागल्याची खात्री करावी.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट वीज मिळते. मोठ्या कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागते. 6 पिनांची वायर 75 वॉट, तर 8 पिनांची 150 वॉटपर्यंत वीज देते. ही वायर सैल असली तरी कार्ड चालत नाही.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

विंडोज आणि कार्ड यांचा संवाद ड्रायव्हर घडवतो. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स' उघडावे. तिथे कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' दिसले, तर योग्य ड्रायव्हर चालू नाही असे समजावे. एनव्हीडिया, एएमडी किंवा इंटेल, ज्या कंपनीची चिप असेल तिच्याच संकेतस्थळावरून कार्डाचे मॉडेल आणि विंडोजची आवृत्ती पाहून ड्रायव्हर घ्यावा. तो मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या प्रोग्रामपासून दूरच राहावे.

नवा ड्रायव्हर घातल्यावरच बिघाड सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' निवडून जुना परत आणावा. विंडोज नीट दिसतच नसेल, तर 'सेफ मोड'मध्ये जाऊन हेच करता येते. काम करताना पडदा मध्येच गोठला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. त्याने ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडलेले कामही सहसा वाचते.

मेकॅनिकला केव्हा बोलवावे?

विंडोज सुरू होण्यापूर्वीच रेघा किंवा ठिपके दिसत असतील, तर दोष ड्रायव्हरचा नसतो. दुसरा मॉनिटर आणि दुसरी केबल लावूनही ते गेले नाहीत, तर कार्ड खराब झाल्याची शक्यता अधिक. शक्य असल्यास ते दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये लावून खात्री करावी. वॉरंटी शिल्लक असेल, तर कार्डाचे स्क्रू स्वतः उघडू नयेत आणि बिल सांभाळून ठेवावे. एवढे तपासून घेतले, की मेकॅनिकला नेमका दोष सांगता येतो आणि चांगले कार्ड विनाकारण बदलावे लागत नाही.