वॉरंटी संपली म्हणून हक्क संपत नाही



आज आपण घरातल्या टीव्ही, फ्रिज, मिक्सर, कूलर यांच्याबद्दल बोलणार आहोत. वस्तू बंद पडली आणि दुकानात नेली, की पहिलं वाक्य कानावर येतं, "ताई, वॉरंटी संपली." आपण वस्तू उचलतो आणि गुपचूप घरी येतो. आम्हीही तशाच आलो होतो. आधी तेच सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईनं अंतर्गत कर्ज घेऊन १६ हजारांचा फ्रिज आणला. उन्हाळ्यात ताक आणि कुल्फी विकून हप्ता फेडायचा, असा तिचा हिशोब होता. चौदा महिने फ्रिज बरा चालला. मग एका रात्री वारा सुटला, लाईट गेली, आणि परत आली ती इतकी जोरात की बल्ब पांढरेफटक पडले. त्या ओळीतल्या चार घरांत काही ना काही जळालं. कुणाचा टीव्ही, कुणाचा पंखा, आणि आमच्या ताईचा फ्रिज.

दुकानदार म्हणाला, वॉरंटी एक वर्षाची होती. वायरमन म्हणाला, लाईट तर सगळ्यांनाच आली. कुणी काही लिहून दिलं नाही आणि आम्ही मागितलंही नाही. फ्रिजचं बिल खोक्याबरोबर कधीच चुलीत गेलं होतं. फ्रिज भंगारात गेला. हप्ता मात्र पुढं सात महिने चालू राहिला. दर बैठकीत ती पैसे मोजून द्यायची आणि आम्हाला तिच्याकडं बघवत नव्हतं. पुस्तकात एकेक रुपया लिहिणाऱ्या आम्ही, पण त्या रात्री काय लिहून ठेवायचं हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आम्ही ही माहिती गोळा केली. तीच आज तुमच्यापुढं ठेवतो.

वॉरंटी म्हणजे नेमकं काय?

वॉरंटी म्हणजे कंपनीनं स्वतःहून दिलेला शब्द, की अमुक काळात वस्तू बिघडली तर आम्ही फुकट दुरुस्त करू. हा कंपनीचा शब्द झाला. ग्राहकाचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. आपल्या देशात पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याच्याही आधी, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. आता २०१९ चा नवा कायदा आहे आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला.

पहिलं काम म्हणजे कार्ड नीट वाचा. पुष्कळ फ्रिजवर बाकी सगळ्याची वॉरंटी एक वर्षाची असते, पण कॉम्प्रेसरची दहा वर्षांची असते. वॉशिंग मशीनच्या मोटरचंही अनेकदा तसंच असतं. तेव्हा "वॉरंटी संपली" म्हणणाऱ्याला विचारायचं, "कशाची संपली? कार्डावर दाखवा."

वस्तू का बिघडली, हे आधी ठरवा

वॉरंटीनंतर सगळा प्रश्न कारणावर येतो. कारणं साधारण चार.

पहिलं कारण, वस्तूत मुळातच दोष होता. एकाच मॉडेलचे मिक्सर गावातल्या तिघींनी घेतले आणि तिघींचेही एकाच जागी जळाले, तर तो वापरण्यातला दोष म्हणता येत नाही. बनावटीतला दोष दाखवता आला, तर वॉरंटी संपल्यावरही दाद मागता येते. आयोगाला वाटलं तर तो वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून बिघडलेली वस्तू लगेच भंगारात देऊ नका. वस्तूच पुरावा असते.

दुसरं कारण, दुरुस्तीच वाईट झाली. हे आपल्याकडं सगळ्यात जास्त घडतं. पैसे देऊन केलेली दुरुस्ती ही कायद्यानं वेगळी सेवा आहे. वस्तूची वॉरंटी संपलेली असली तरी त्या सेवेची जबाबदारी दुरुस्ती करणाऱ्यावर आहे. आमच्या दुसऱ्या एका मैत्रिणीच्या टीव्हीचं बोर्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं बदललं, ४२०० रुपये घेतले. वीस दिवसांत टीव्ही पुन्हा बंद. ते पुन्हा पैसे मागू लागले. या वेळी मात्र पावती होती, त्यावर तारीख होती, बदललेल्या भागाचं नाव होतं. आम्ही तक्रार नोंदवली आणि दुसऱ्यांदा काम फुकट झालं. म्हणून दुरुस्तीला देताना लेखी पावती घ्या, जुना काढलेला भाग परत मागा, आणि नव्या भागाला किती दिवसांची हमी आहे ते त्याच पावतीवर लिहून घ्या.

तिसरं कारण, लाईट. घरात साधारण २३० व्होल्टचा पुरवठा यायला हवा. न्यूट्रल तुटली किंवा डीपीवर बिघाड झाला, की घरात त्यापेक्षा खूप जास्त दाब येऊ शकतो आणि वस्तू जळतात. इथं दुकानदाराचा किंवा कंपनीचा दोष नाही, त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. तक्रार वीज कंपनीकडं करायची. वीजपुरवठा हीसुद्धा ग्राहक कायद्यात सेवा धरली आहे. त्याच दिवशी १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या ज्यांच्या घरात नुकसान झालं, त्या सगळ्यांचा एकच अर्ज करा. त्यात तारीख, वेळ, कुणाचं काय जळालं, हे लिहा आणि कार्यालयात देऊन पोच घ्या. एका घरातली वस्तू जळाली तर "तुमचं वायरिंग खराब" म्हणता येतं. एकाच रात्री चार घरांतल्या जळाल्या, तर तसं म्हणणं अवघड जातं. आमच्या ताईच्या वेळी चार घरं होती आणि अर्ज एकही नव्हता.

चौथं कारण, आपलीच चूक किंवा वापरून झालेली झीज. मिक्सर हातातून पडला, टीव्हीत पाणी गेलं, उंदरानं वायर कुरतडली, दहा वर्षांचा कूलर थकला. इथं भरपाई मिळत नाही. खोटी तक्रार करू नये. त्यानं पुढच्या खऱ्या तक्रारीचं वजन कमी होतं.

दाद कुठं मागायची?

आधी दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. फोनवर बोललेलं हवेत जातं. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तरी चालेल, पण ते पुसू नका.

उत्तर आलं नाही तर १९१५ लावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. ते तुमची तक्रार कंपनीकडं पाठवतात आणि पाठपुरावा करतात. त्यांना कुणाला हुकूम करण्याचा अधिकार नाही, पण बरीच प्रकरणं इथंच मिटतात.

तिथंही मिटलं नाही, तर परभणीला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. वस्तू नांदेडहून घेतली असो की मोबाईलवरून मागवली असो, तुम्ही परभणी जिल्ह्यात राहता म्हणून तक्रार इथंच करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती करायला हवी. आयोग दुरुस्ती करून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा किंवा भरपाई द्या, असा आदेश देऊ शकतो. तारखा पडतात, वेळ लागतो, हे खरं आहे. म्हणून आधीच्या दोन पायऱ्या नीट चढा.

गटांसाठी एक खास गोष्ट. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, असं कुणी सांगेल. ते अर्धवट आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल, तर घेणारी बाई ग्राहकच ठरते. मिरची कांडपाचं मशीन असो, शेवयांचं असो, की ताक ठेवायचा फ्रिज असो.

गटानं काय करावं?

बिल मागितल्यावर न देणं हा कायद्यानं गैरप्रकार आहे. शंभर रुपये कमी करतो म्हणून बिल सोडू नका. आमच्या गटानं आता ठराव केला आहे, की कर्जातून वस्तू घेतली तर बिल आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स गटाच्या फाईलला लागलीच पाहिजे. बिलाची शाई वर्षभरात उडते, म्हणून मोबाईलवर फोटोही काढतो. महागाच्या वस्तूबरोबर स्टॅबिलायझर आणि घराला अर्थिंग, हा खर्चही कर्ज मागतानाच धरतो. आणि लाईट कमी-जास्त होऊ लागली, की आधी पिन काढायची, मग शेजारी हाक मारायची.

त्या ताईचं कर्ज फिटलं. मागच्या महिन्यात तिनं पुन्हा फ्रिजसाठी अर्ज दिला. पैसे हातात घेण्याआधी तिनंच विचारलं, "बिलाची झेरॉक्स आत्ता द्यायची का वस्तू आणल्यावर?"

तुमच्या येत्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं घरातल्या एका वस्तूचं बिल शोधून आणावं. किती जणींना सापडतं, ते मोजा. जिला सापडणार नाही, तिनं निदान पुढच्या वस्तूचं जपून ठेवावं.